फुकट मंचाची किंमत

शिक्षणक्षेत्रात एखादे नवे साधन आले की त्याचा हिशेब मांडण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. साधन किती रुपयांना आले, किती खोल्यांत बसले आणि त्याच्या उद्घाटनाला कोण उपस्थित होते, एवढ्या नोंदी दप्तरात झाल्या की ते साधन शिक्षणात रुजले असे समजण्यात येते. ज्या अध्यापकाने ते वापरावयाचे त्याचा पहिला महिना कसा गेला, त्याला कोणी हाताशी धरले काय, त्यात त्याचे किती तास खर्ची पडले, या गोष्टींना त्या दप्तरात रकानाच नसतो. १९८४ पासून 'क्लास' प्रकल्पाखाली शाळांना बीबीसी संगणक मिळू लागले, तेव्हा यंत्रांची मोजदाद झाली. शिक्षकाच्या तासांची झाली नाही. ऑनलाइन अध्यापनाचे जे मंच आज महाविद्यालयांत आले आहेत, त्यांच्या बाबतीतही हिशेबाची ही जुनी रीत बदललेली दिसत नाही.

या मंचांची आता वाण राहिलेली नाही. ज्याला सर्रास 'एलएमएस' म्हटले जाते त्या प्रकारातील 'मूडल' ही बहुधा सर्वांत परिचित प्रणाली. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी ती रचली आणि २००२ साली तिची पहिली आवृत्ती बाहेर पडली. डुगियामास यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात गेले. तेथे शाळेचे धडे रेडिओवरून येत असत. दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असलेली ही प्रणाली त्यांनी सर्वांना मुक्त ठेवली. तिला परवाना-शुल्क नाही. आपल्या देशात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटेल' हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' आणि त्याच वर्षीच्या शिक्षकदिनी 'दीक्षा' यांचे उद्घाटन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमावलीने सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पुरे करण्यास मुभा दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. नॅकच्या २०१७ च्या सुधारित चौकटीत तर किती टक्के अध्यापक असे मंच वापरतात, याचीच विचारणा होती. थोडक्यात, मंच आहेत, नियम आहेत आणि विचारणाही आहे.

या सर्वांत एकच गोष्ट गृहीत धरली गेली. साधन फुकट आहे, तेव्हा ते वापरण्यास खर्च नाही, असे मानले गेले. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही किंमत आणि खर्च यांतील फरक समजावून सांगावा लागतो. ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही, तिच्यासाठी कोणीतरी वेळ, श्रम आणि मनःस्वास्थ्य खर्च करीत असतो; तो खर्च कोठे लिहिला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. फुकट मंचाची किंमत आज नवा अध्यापक मोजतो आहे. ती त्याने एकट्याने मोजावी काय, हा खरा प्रश्न आहे.

रिकामे पान

तालुक्याच्या गावातील एखादे कला-वाणिज्य महाविद्यालय उदाहरणादाखल घ्यावे. शैक्षणिक वर्ष सुरू होऊन महिना लोटल्यावर तेथे एक तरुण अध्यापक रुजू होतो. त्याच्या हाती वेळापत्रक पडते, हजेरीपट पडतो आणि एका चिठ्ठीवर मंचाचे लॉगिन व पासवर्ड पडतो. आठवड्याभरात सर्व अभ्यासक्रम मंचावर यावेत, असे प्राचार्यांच्या सहीचे परिपत्रक असते. तो मंच उघडतो, तेव्हा समोर येते ते एक रिकामे पान. त्यावर एकाखाली एक कोऱ्या घटकांचे मथळे असतात आणि काय जोडावयाचे याची एक लांबलचक यादी असते : फाइल, पान, चाचणी, स्वाध्याय, चर्चा, शब्दकोश, सर्वेक्षण. यांपैकी आज कशाची गरज आहे आणि पुढील वर्षापर्यंत कशाकडे पाहावयाचेही नाही, हे त्याला सांगणारे कोणी नसते.

मग तो कोणताही समजूतदार माणूस जे करील तेच करतो. जवळ असलेली टिपणे भ्रमणध्वनीने टिपून, त्यांची पीडीएफ बनवून वर चढवितो. टिपणे संगणकावर टाइप केलेली असतील तर मराठी माध्यमाच्या अध्यापकापुढे आणखी एक अडचण उभी राहते. वर्षानुवर्षे श्रीलिपी वा तत्सम जुन्या टंकांत जमविलेला मजकूर मंचाच्या पानावर चिकटविला की अक्षरांचा चुराडा होतो आणि रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन ढीग तेवढा उरतो. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी परिवर्तक मिळतात आणि परिवर्तनानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावे लागतात, ही माहिती पाच मिनिटांत देता येण्यासारखी आहे. ती न मिळाल्यामुळे एखाद्याची पाच वर्षांची टिपणे निरुपयोगी ठरतात आणि मंच मराठीसाठी नाहीच, असा ग्रह कायमचा होऊन बसतो.

इकडे विद्यार्थ्याची स्थिती काय असते? त्याच्या हाती बहुधा लहान पडद्याचा भ्रमणध्वनी असतो आणि दिवसाचा डेटा ठरलेला असतो. चाळीस पानांच्या छायाचित्रांची जड फाइल उतरविताना तो डेटा संपतो. फाइल उघडली तरी अक्षरे मोठी करून ओळी इकडून तिकडे सरकवीत वाचाव्या लागतात. वास्तविक तोच मजकूर साध्या पानावर टाइप करून ठेवला तर त्याचे ओझे नाममात्र होते आणि मूडलच्या भ्रमणध्वनीवरील ॲपमधून तो एकदा उतरवून घेऊन नेटवर्क नसतानाही वाचता येतो. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला या एका सोयीचे मोल किती आहे, हे वेगळे सांगावयास नको. परंतु अध्यापकालाच ही सोय ठाऊक नसेल तर ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणार कशी? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. सत्राच्या अखेरीस मंच हे पीडीएफचे कोठार झालेले असते आणि अहवालात मात्र मंचाचा वापर शंभर टक्के दिसतो.

कार्यशाळेची मर्यादा

यावर असे सांगितले जाईल की, प्रशिक्षणे तर होतात. ती होतात, यात शंका नाही. सभागृहात शे-दीडशे अध्यापक बसतात, पडद्यावर मंचाचे चित्र येते आणि तज्ज्ञ व्यक्ती दोन तासांत वरपासून खालपर्यंत प्रत्येक कळ दाखविते. प्रमाणपत्रे मिळतात. परंतु ही शिकवणी मंचाच्या यादीच्या क्रमाने चालते. अध्यापकाच्या गरजेच्या क्रमाने चालत नाही. नव्या अध्यापकाची पहिल्या दिवशीची गरज असते ती आपले विद्यार्थी आपल्या पानावर कसे आणावयाचे ही. दुसऱ्या आठवड्यात त्याला एक स्वाध्याय देता यावयास हवा. प्रश्नपेढी कशी बांधावयाची हे त्याला परीक्षेच्या तोंडावर लागते आणि गुणपत्रकाचा प्रश्न त्याहूनही पुढचा असतो. जे ज्ञान ऑक्टोबरात लागणार ते जूनमध्ये दोन तासांत ओतले तर ते पालथ्या घड्यावरचे पाणी ठरते, यात अध्यापकाचा दोष नाही.

येथे महाविद्यालयीन अध्यापनातील एक जुनी उणीवही लक्षात घ्यावयास हवी. प्राथमिक शिक्षक पदविका घेऊन वर्गात जातो, माध्यमिक शिक्षक बी.एड. होऊन जातो, कसे शिकवावे याचा काही ना काही सराव दोघांनी केलेला असतो. महाविद्यालयातील अध्यापक मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट या बळावर सरळ फळ्यापुढे उभा राहतो. आपले गुरू जसे शिकवीत तसे शिकवावे, ही त्याची एकमेव पद्धती असते. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग येतात, पण तोपर्यंत त्याची सवय बनून गेलेली असते. फळ्यापुढे ही उणीव निभावून जाते, कारण अनुकरणासाठी डोळ्यांपुढे नमुने असतात. ऑनलाइन मंचावर तसा नमुनाच नसतो. ज्याने स्वतः कधी मंचावर विद्यार्थी म्हणून एक धडाही पुरा केलेला नाही, त्याच्याकडून इतरांसाठी धडे रचण्याची अपेक्षा केली जाते.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात काम करीत असताना जिली सॅमन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाची पायरीवार मांडणी केली. त्यांच्या पाच पायऱ्यांतील पहिली पायरी मंचावर प्रवेश आणि उत्साह यांची आहे, दुसरी परस्परांच्या ओळखीची. माहितीची देवघेव त्यानंतर आणि ज्ञानाची उभारणी त्याही पुढे. विशेष असे की, ज्यांनी ऑनलाइन शिकवावयाचे त्यांनी आधी त्याच मंचावर विद्यार्थी होऊन शिकावे, हा त्यांच्या पद्धतीचा पाया आहे. पोहणे शिकवू इच्छिणाऱ्याने आधी पाण्यात उतरावे, इतके हे साधे तत्त्व. परंतु आपली कार्यशाळा विहिरीच्या काठावरच भरते आणि तेथेच संपते.

अनुभवाचा हिशेब

अनुभवाने श्रम कमी होतात, हे सर्वांनाच ठाऊक असते. किती कमी होतात, याचा हिशेब विमानाच्या कारखान्यांत मांडला गेला. अमेरिकी अभियंता टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये दाखविले की, विमानांचे उत्पादन दुप्पट झाले की प्रत्येक विमानामागे लागणारे श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मधील प्रसिद्ध निबंधात या निरीक्षणाला अर्थशास्त्रीय सिद्धान्ताची बैठक दिली. त्यातील मर्म असे की, कामातून मिळणारे शिक्षण ते काम करणाऱ्यापुरते राहत नाही. त्याचा लाभ इतरांनाही होतो. परंतु ज्याचा लाभ इतरांना होतो त्याचा मोबदला करणाऱ्याला पुरता मिळत नाही, आणि म्हणूनच समाजात असे शिक्षण हवे त्यापेक्षा कमी होते.

हाच न्याय मंचाला लावून पाहावा. समजा, एखाद्या महाविद्यालयात आठ नवे अध्यापक आहेत आणि आपला पहिला अभ्यासक्रम मंचावर उभा करण्यास प्रत्येकास एकट्याने ५० तास लागतात. आठही जणांनी दारे लावून घेऊन आपापल्या चुका स्वतंत्रपणे केल्या, तर एकूण ४०० तास खर्ची पडतील. पहिल्याचा अनुभव दुसऱ्याला, दोघांचा तिसऱ्याला असा तो पुढे जात राहिला आणि राइट यांचे प्रमाण येथे लागू पडले, तर दुसऱ्याला ४०, चौथ्याला ३२ आणि आठव्याला २६ च्या आसपास तास लागतील. आठांचे मिळून ते सुमारे २६७ होतील. आकडे अर्थातच कल्पिलेले आहेत. शिकविणे म्हणजे विमान जुळविणे नव्हे. परंतु त्यांतून दिशा स्पष्ट होते. एकतृतीयांश श्रम केवळ परस्परांशी न बोलल्यामुळे वाया जाऊ शकतात, आणि जे तास वाया जातात ते टिपणे सुधारण्याचे, वह्या तपासण्याचे, अडलेल्या विद्यार्थ्याशी बोलण्याचे तास असतात.

साधन आले तरी फळ का दिसत नाही, याचे उत्तरही आर्थिक इतिहासात सापडते. पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेच्या प्रसाराचा दाखला देऊन असे दाखविले की, वीज आल्यावर कारखान्यांची उत्पादकता लगोलग वाढली नाही. त्यास काही दशके जावी लागली. वाफेच्या इंजिनासाठी केलेली जुनीच मांडणी कायम ठेवून केवळ शक्तीचा स्रोत बदलण्यात आला होता. कामाची रचना बदलली, तेव्हाच वीज फळाला आली. पेरू देशात तर शाळांना दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटण्यात आले. तेथील ग्रामीण भागातील ३१९ शाळांच्या पाहणीत गणित आणि भाषा या विषयांत मुलांची प्रगती त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही, असा निष्कर्ष २०१२ मध्ये पुढे आला. यंत्रे अध्यापनाच्या पद्धतीत सामावून घेतली गेली नव्हती, हे कारण युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही नोंदविले आहे.

भार कोणावर?

येथवरचा प्रश्न कार्यक्षमतेचा झाला. त्याच्या मुळाशी न्यायाचा प्रश्न आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. मंचाचे काम त्याच्यावर येऊन पडते, त्यासाठी या १६ तासांतून काही वजा होत नाही. तरीही त्याचा पगार निश्चित असतो. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या मोठ्या वर्गाला तेवढाही आधार नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. मंचावर रात्री जागून उभ्या केलेल्या धड्याचे मिळत नाहीत. त्याची नेमणूक वर्षापुरती असते. पुढील वर्षी तो त्याच महाविद्यालयात असेल याची शाश्वती नसते, आणि नेमके यालाच नवा म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो. ज्याच्याजवळ सर्वांत कमी वेळ आणि सर्वांत कमी सुरक्षितता, त्याच्यावर सर्वांत अधिक भार, असा हा व्यवहार आहे.

त्यातून एक भीतीही निर्माण झाली आहे आणि ती निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. आपण कष्टाने रचलेला अभ्यासक्रम एकदा मंचावर गेला की आपल्यावाचून संस्थेचे अडत नाही, असे तासिका अध्यापकाला वाटत असेल तर त्याला दोष कसा द्यावा? तो मग हातचे राखून देतो. अभ्यासक्रमावर रचणाऱ्याचे नाव राहील, त्याच्या संमतीवाचून तो दुसऱ्याच्या नावे चालविला जाणार नाही आणि फेरवापर झाल्यास त्याची लेखी नोंद होईल, एवढी हमी संस्थांनी दिली पाहिजे. नाहीतर सहकार्याचे आवाहन हे दुर्बलाच्या श्रमावर पोसलेले आवाहन ठरेल.

शिक्षकवर्गात 'ऑनलाइन' या शब्दाविषयी जी अढी दिसते, तिलाही कारण आहे. २०१५ च्या 'सरल' प्रणालीपासून शाळांतील शिक्षकाच्या वाट्याला हा शब्द आला तो मुख्यत्वे माहिती भरण्याच्या रूपाने. विद्यार्थ्याला काही समजावे म्हणून संगणकापुढे बसण्याऐवजी वरच्या कार्यालयाला काही कळावे म्हणून बसावे लागले. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा त्याच शिक्षकांनी कोणत्याही पूर्वतयारीवाचून घरातून वर्ग चालविले, हे विसरता कामा नये. त्या धावपळीत जे शिकले गेले ते टिकवून, नीट लावून पुढच्यांच्या हाती देण्याचे काम मात्र फारच थोड्या ठिकाणी झाले.

प्रारंभ सुकर कसा होईल?

उपाय खर्चिक नाहीत. ते करण्याची इच्छा मात्र हवी. पहिली गोष्ट म्हणजे नव्या अध्यापकाला रिकामे पान देऊ नये. मूडलमध्ये मागील वर्षीचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांची नावे व उत्तरे वगळून, नव्या पानावर जसाच्या तसा आणता येतो. विभागाने दर विषयाचा एक साधा साचा तयार ठेवावा आणि नव्या माणसाने त्यात भर घालावी, दुरुस्ती करावी. रचणाऱ्याच्या नावाची जी हमी वर सांगितली ती येथे आवश्यक आहे. त्याचबरोबर विद्यार्थी नसलेले एक सरावाचे पान प्रत्येकाला मिळावे. चुका करण्यास निर्धोक जागा असली की माणूस शिकतो. दीडशे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत पहिली चूक झाली की तो मंचाचे नाव टाकतो.

दुसरी गोष्ट, पहिल्या सत्रात थोडेच मागावे. अभ्यासक्रमाची रूपरेषा, दर आठवड्याचे एक छोटे वाचन आणि एक स्वाध्याय, एवढे झाले तरी पुष्कळ झाले. चाचण्या दुसऱ्या सत्रात, चर्चा त्यानंतर. 'स्वयम्'च्या अभ्यासक्रमांत दृक्-श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, मूल्यमापन आणि चर्चा असे चार भाग असतात, आणि ते चारही पहिल्याच वर्षी हवेत, असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. 'स्वयम्'चे अभ्यासक्रम निर्मितीचे साहाय्य व मनुष्यबळ घेऊन तयार होतात. एका माणसाने एका सत्रात ते करावे, ही अपेक्षा त्याला नाउमेद करण्याखेरीज काही साधत नाही. धडा प्रसिद्ध करण्यापूर्वी तो विद्यार्थ्याच्या नजरेने पाहण्याची सोय मंचावर असते. ती वापरून, शिवाय तोच धडा भ्रमणध्वनीवर एकदा उघडून पाहण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सोबत. प्रत्येक नव्या अध्यापकाला एका अनुभवी सहकाऱ्याचे नाव नेमून द्यावे आणि त्या दोघांना आठवड्यातून एक तास एकत्र बसता येईल अशी जागा वेळापत्रकात ठेवावी. हा तास दोघांच्याही कार्यभारात धरला पाहिजे, आणि अध्यापक तासिका तत्त्वावरील असल्यास त्याचे पैसेही दिले पाहिजेत. वेळापत्रकात जागा नसलेली सोबत ही दोन-तीन भल्या माणसांच्या चांगुलपणावर चालते आणि ते थकले की संपते. आयोगाच्या २०१८ च्या गुणतक्त्यात चार श्रेयांकांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम रचणाऱ्यास २० गुण आहेत. शेजारच्या सहकाऱ्याचा पहिला धडा उभा करून देणाऱ्याच्या श्रमाला तेथे तसा रकाना नाही. जे मोजले जाते तेच वाढते. मदत वाढावी असे वाटत असेल तर ती मोजावी लागेल.

लहान महाविद्यालयात एका विषयाचा एकच अध्यापक असतो. त्याने सोबत कोठून आणावी? याचे उत्तर प्राथमिक शाळांकडून घेता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळांचे गट करून केंद्र बनविलेले असते आणि त्या केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिच्या कामकाजात उणिवा असतील, परंतु शेजारच्या शाळांतील शिक्षकांनी ठरलेल्या दिवशी एकत्र बसावे ही कल्पना मोलाची आहे. तालुक्यातील चार महाविद्यालयांच्या अर्थशास्त्राच्या किंवा मराठीच्या अध्यापकांनी महिन्यातून एकदा असे बसण्यास कोणाची हरकत असावी? नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी-रचना २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही आली आणि अनेक जुन्या अध्यापकांवर नवे विषय शिकविण्याची पाळी आली. या अर्थाने आज अनुभवीही नवेच आहेत, आणि असा मेळ दोघांच्याही उपयोगाचा आहे.

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, तरुण पिढी भ्रमणध्वनी हाती घेऊनच वाढली. तिला कसली मदत हवी? परंतु साधन हाताळता येणे आणि त्यातून शिकविता येणे या भिन्न गोष्टी आहेत. सायकल चालविता येणाऱ्या प्रत्येकाला रस्त्याचा नकाशा काढता येतो असे नाही. कोणता भाग वर्गात बोलावयाचा, कोणता वाचावयास द्यावयाचा, चुकीच्या उत्तरानंतर विद्यार्थ्याला काय सांगावयाचे, हे निर्णय अध्यापनाचे आहेत. बोटांच्या चपळाईने ते सुटत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, ज्याला मनापासून करावयाचे असते तो साधनांची आणि सोबतीची वाट पाहत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ती कल्पना पुढे राज्याने स्वीकारली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे खरेच आहे. अशा शिक्षकाचा गौरव झालाच पाहिजे. परंतु अपवादाच्या बळावर व्यवस्था चालत नसते. सर्वसामान्य कुवतीच्या, संसाराच्या ओढाताणीत असलेल्या, प्रामाणिकपणे काम करू इच्छिणाऱ्या अध्यापकालाही चांगले शिकविता यावे, यासाठीच तर व्यवस्था उभी करावयाची असते. पराक्रमी माणसाला व्यवस्था नसली तरी चालते. तिची गरज असते ती इतर सर्वांना.

शहरातील विद्यार्थ्याला एक मार्ग बंद झाला तर खाजगी वर्ग, ग्रंथालये, जाणकार नातलग असे चार मार्ग मोकळे असतात. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला त्याचा अध्यापक हाच बहुधा एकमेव मार्ग असतो. पीक-पाण्याच्या दिवसांत त्याचा तास बुडतो, एसटी चुकते, घरी पुस्तक नसते. नीट रचलेला एक धडा, एक प्रश्न आणि त्या प्रश्नाला आलेले अध्यापकाचे चार ओळींचे उत्तर त्याला रात्री घरी मिळू शकले, तर मंचावर झालेला सारा खटाटोप सार्थकी लागला असे म्हणता येईल. हे उत्तर लिहिणारा अध्यापक मात्र पहिल्याच महिन्यात खचून जाता कामा नये. त्यासाठी आठवड्याला एक मोजलेला तास आणि शेजारी बसणारा एक सहकारी, एवढाच खर्च आहे. तो संस्थांनी उचलावा आणि शासनाने मान्य करावा. तो उचलला गेला नाही तर मंच फुकटच राहील, आणि फुकटच जाईल.